संशय घेणारा नायक वाचकाला नकोसा का होतो?

अल्पविराम (प्रश्न) :

नमस्कार. बराच काळ मी एका कादंबरीवर काम करत आहे आणि तिचा मधला भाग काही केल्या जमून येत नाही, म्हणून येथील लिहित्या-वाचत्या मंडळींचे मत घ्यावे असे वाटले.

कथेतील जोडपे असे आहे : निखिल लहान मुलांसाठी गोष्टी लिहितो आणि अनुजा त्या गोष्टींची चित्रे काढते. दोघांची ओळख, मैत्री आणि पुढे प्रेम हे सारे एकत्र केलेल्या पुस्तकांमधूनच फुलत गेले आहे. कादंबरीच्या मध्यावर अनुजा ईशान नावाच्या दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकासाठी चित्रे काढण्याचे काम स्वीकारते आणि ते पुस्तक गाजते. येथून निखिलचे बिनसू लागते. आधी तो थट्टेच्या सुरात टोचून बोलतो, मग तिच्या येण्याजाण्याच्या वेळा विचारू लागतो, आणि एका रात्री ती झोपलेली असताना तिच्या फोनवरील ईशानचे संदेश वाचतो. त्यांत कामाखेरीज काहीही नसते. अनुजाला हे कळते, भांडण होते, ती त्याची समजूत घालते, दोघे पुन्हा जवळ येतात. आणि थोड्या पानांनंतर वेगळ्या निमित्ताने हेच सारे पुन्हा घडते.

हस्तलिखित वाचलेल्या जवळपास सर्वांनी मला एकच गोष्ट सांगितली : निखिलचा राग येतो, आणि ही मुलगी त्याच्याजवळ राहते तरी कशाला, असा प्रश्न पडतो. मला निखिल खलनायक म्हणून नको आहे. तो आतून धास्तावलेला माणूस आहे. मात्र त्याच वेळी त्याने फोन चाळणे हे 'किती जीव आहे तिच्यावर' याचे लक्षण म्हणून खपवावे, असेही मला मुळीच वाटत नाही. त्याचे वागणे न पटूनही वाचकाने त्याच्यासोबत राहावे, हे कसे साधता येईल? आणि समेटाचे प्रसंग इतके कंटाळवाणे का होत असावेत?

रंगपट :

आपले वर्णन वाचून मला निखिलच्या स्वभावापेक्षा वाचकाला कोणती गोष्ट केव्हा कळते, याचीच अधिक चिंता वाटली. संदेशांत काही नाही हे वाचकाला निखिलबरोबरच कळते आणि त्या क्षणी संशयातला सगळा जीव निघून जातो. पुढच्या वेळी निखिल संशय घेतो तेव्हा वाचक त्याच्यापेक्षा शहाणा झालेला असतो. आपल्याला कळून चुकलेली गोष्ट ज्याला अजून कळलेली नाही, अशा माणसाची संगत वाचक दोनच कारणांनी सहन करतो : त्याच्यावर हसता तरी आले पाहिजे, नाही तर त्याच्यासाठी भीती तरी वाटली पाहिजे. आपण निखिलच्या बाबतीत या दोन्ही सोयी ठेवलेल्या नाहीत.

मराठी रंगभूमीवर या दोन्ही वाटा एकाच नाटककाराने चोखाळलेल्या आहेत, हे मला फार उद्बोधक वाटते. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' (१८९०) लिहिले आणि नंतर 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' (१८९३) हे प्रहसन लिहिले, ज्याचे पुढे 'संगीत संशयकल्लोळ' (१९१६) झाले. या दुसऱ्या कथेचे मूळ मोलियरच्या एका प्रहसनापर्यंत जाते. दोन्हीकडे संशयाचा डोलारा एका हरवलेल्या वस्तूवर उभा आहे. 'ऑथेल्लो'त नायकाची पत्नी डेस्डिमोना हिचा रुमाल पडतो, एमिलिया तो उचलून आपला कारस्थानी नवरा इयागो याच्या हाती देते, आणि इयागो तो ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ याच्या खोलीत नेऊन टाकतो. 'संशयकल्लोळ'मध्ये भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि नेमके तेच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, दृष्टीस पडते; रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती तसबीर न्याहाळणारी कृत्तिका फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. त्या वस्तूचा प्रवास प्रेक्षकाला दोन्ही नाटकांत पुरता ठाऊक असतो. तरीही एकीकडे आपण हसतो आणि दुसरीकडे आपला श्वास अडकतो. प्रहसनात संशय दुतर्फा आहे, दोघेही सारखेच आंधळे आणि सारखेच निरपराध आहेत, त्यामुळे छळणारा एक आणि सोसणारा दुसरा अशी वाटणी होत नाही. शोकांतिकेत संशय एकतर्फी आहे आणि ज्याच्या मनात तो आहे त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे. आपल्या कादंबरीतला संशय एकतर्फी आहे, पण त्यात पणाला काहीच लागलेले नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहावा. इयागो त्यात सुरुवातीला पुरावा असा देतच नाही. तो अर्धे वाक्य बोलून थांबतो, उत्तर द्यायला कचरल्याचे सोंग आणतो, आणि रिकामी ठेवलेली जागा ऑथेल्लो स्वतःच भरतो. कशाने भरतो, तर आपण काळे आहोत, दरबारी माणसांची लाघवी बोलचाल आपल्याला येत नाही, आपले वय उताराला लागले आहे, या स्वतःविषयीच्या तीन गोष्टींनी. डेस्डिमोनाचे वागणे कसे आहे, हा विचार त्यानंतरचा. ही यादी त्याच्या मनात इयागो येण्यापूर्वीपासून तयार होती, आणि म्हणूनच त्याचा संशय चुकीचा असूनही पोकळ वाटत नाही.

निखिलची अशी यादी कोणती? आपण लिहिले आहे की त्याला ईशानची धास्ती वाटते. मला वाटते, त्याला अनुजाच्या चित्रांची धास्ती वाटत असावी. ईशानच्या पुस्तकातली चित्रे आजवरच्या सर्व चित्रांहून सरस उतरली असतील, तर त्याचा एक अर्थ असा निघतो की इतकी वर्षे निखिलचे शब्दच तिचा हात अडवत होते. हा विचार ज्याच्या मनात येतो, तो कोणाजवळही तो बोलून दाखवू शकत नाही, कारण बोलणे म्हणजे निम्मे कबूल करणे झाले. त्या मानाने 'तुमच्यात काहीतरी चालले आहे' हा आरोप करणे सोपे, कारण त्यात दोष निदान दुसऱ्याचा असतो. वाचकाला ही अदलाबदल दिसली आणि निखिलला दिसली नाही, तर वाचक त्याच्यापेक्षा शहाणा असूनही त्याला सोडून जाणार नाही, असा माझा अंदाज आहे.

जुनापुराणा :

समेटाचे प्रसंग कंटाळवाणे का होतात, एवढ्यापुरतेच लिहितो. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने या विषयाची बरीच मशागत करून ठेवली आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात विप्रयोग शृंगाराच्या, म्हणजे प्रेमिकांच्या दुराव्याच्या, अंतर्गत 'मान' म्हणजे रुसवा येतो आणि त्याचे प्रणयमान व ईर्ष्यामान असे दोन प्रकार सांगितले आहेत. ईर्ष्येचे कारण डोळ्यांनी पाहिलेले असेल, कोणाकडून ऐकलेले असेल किंवा अनुमानाने काढलेले असेल. अनुमानाची साधनेही नेमकी आहेत : प्रियकर झोपेत काहीतरी बोलून जातो, त्याच्या अंगावर खुणा दिसतात, किंवा हाक मारताना भलतेच नाव त्याच्या तोंडून निसटते. हजार वर्षांत साधने बदलली, अनुमान तेच राहिले.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. हा मान दूर करण्याचे सहा उपाय तेथे दिले आहेत : साम म्हणजे गोड बोलून समजूत घालणे, भेद म्हणजे तिच्या सख्यांना आपल्या बाजूला वळवणे, दान म्हणजे काही निमित्ताने भेट देणे, नती म्हणजे पायांवर लोळण घेणे, हे सारे थकल्यावर उपेक्षा, आणि शेवटी रसांतर, म्हणजे अचानक उद्भवलेल्या भीतीने किंवा आनंदाने रुसव्याचा विसर पडणे. आपली अनुजा प्रत्येक वेळी सामच वापरते. एकच उपाय, एकच परिणाम, मग दुसरा प्रसंग वाचकाने कशासाठी वाचावा? तिने एकदा उपेक्षा करून पाहावी. एकदा भांडण ऐन भरात असताना बाहेरून एखादी बातमी यावी आणि दोघे नाइलाजाने एका बाजूला उभे राहावेत. भांडण न मिटताच थांबले, ही अवस्था समेटापेक्षा पुष्कळ बोलकी असते.

आता शास्त्राची मर्यादाही सांगतो. धनंजयाने ईर्ष्यामान स्त्रियांच्याच वाट्याला दिला आहे. पुरुषाने दुसरीकडे मन गुंतवायचे आणि बाईने रुसायचे, असा तो मामला आहे, आणि तो रुसवा अखेर मिटणार हे गृहीतच असते. निखिलचा संशय या चौकटीत नीट बसत नाही. रुसलेल्या माणसाला समोरच्याने आपल्याजवळ यावे असे वाटत असते. संशय घेणाऱ्याला काहीतरी जाणून घ्यायचे असते. अनुजा जवळ येते, पण निखिलला हवी होती ती माहिती, आणि 'काहीच नाही' या गोष्टीची माहिती देता येत नाही. त्यामुळे तिच्या सामाने त्याचे समाधान होणे मुळातच अशक्य आहे.

सावरी :

वरील दोन्ही प्रतिसाद मला आवडले, परंतु दोन्हींत अनुजा जवळजवळ दिसेनाशी झाली आहे, असे नोंदवावेसे वाटते. आपले वाचक 'ती का राहते' असे विचारत आहेत. हा प्रश्न निखिलला अधिक गोड करून सुटणार नाही. त्याचे उत्तर अनुजाच्या बाजूने द्यावे लागेल.

टॉलस्टॉयच्या 'आन्ना कारेनिना'त मत्सराची दोन चित्रे आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. लेव्हिनच्या घरी आलेला वेस्लोव्स्की नावाचा पाहुणा त्याच्या पत्नीशी, किटीशी, जरा लगट करतो आणि लेव्हिन त्याला सरळ गाडीत बसवून घालवून देतो. घरातल्या इतरांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो. वाचकालाही तो तसाच वाटतो, पण लेव्हिन मनातून उतरत नाही. कारण त्याचा मत्सर आणि त्या मत्सराची त्याला वाटणारी लाज या दोन्ही गोष्टी पानावर एकत्रच येतात, आणि तो किटीशी त्याविषयी बोलतो, तीही मोकळेपणाने बोलते. दुसरीकडे आन्ना आहे. नवऱ्याला आणि मुलाला सोडून आल्यानंतर समाजाचे दरवाजे तिला बंद झाले आहेत, तिचा प्रियकर व्रॉन्स्की याला मात्र ते उघडेच आहेत. तो घराबाहेर पडतो तेव्हा त्याचे एक जग असते. ती मागे उरते तेव्हा तिच्याजवळ त्याच्या प्रेमाखेरीज दुसरे काहीच नसते. तिचा संशय तपशिलात चुकीचा असेल, परंतु तिची असुरक्षितता खरी आहे, कारण ती तिच्या परिस्थितीतूनच आलेली आहे.

म्हणून माझा आपल्याला प्रश्न असा : ही भागीदारी मोडली, तर कोणाचे किती नुकसान होईल? अनुजाला दुसरे लेखक मिळतील, हे आता सिद्ध झाले आहे. निखिलला दुसरी चित्रकार मिळेल का, आणि मिळाली तरी त्याच्या गोष्टी तशा उभ्या राहतील का? हा असमतोल ईशान येण्याच्या पुष्कळ आधी वाचकाला जाणवला पाहिजे, शक्यतो एखाद्या साध्या, आनंदाच्या प्रसंगातच. उदाहरणार्थ, वाचक मुले निखिलला भेटल्यावर फक्त चित्रांविषयीच विचारतात आणि तो हसतमुखाने उत्तरे देतो.

समेटाच्या पुनरावृत्तीविषयी मानसशास्त्राचे म्हणणे जुनापुराणा यांच्या मुद्द्याला पूरकच आहे. बाळ आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील बंधाविषयी जॉन बोल्बी यांनी जी मांडणी केली, ती हेझन आणि शेव्हर या संशोधकांनी १९८७ मध्ये प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. त्यानंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसणारी गोष्ट अशी की, ज्याला सोडून दिले जाण्याची भीती असते तो पुन्हा पुन्हा खात्री मागतो, खात्री मिळाल्यावर थोडा वेळ त्याला बरे वाटते, आणि ते बरे वाटणे ओसरले की पुन्हा मागतो. म्हणजे पुनरावृत्ती वास्तवाला धरूनच आहे. कादंबरीत मात्र दर फेरीत काहीतरी बदलले पाहिजे, आणि तो बदल अनुजात घडावा असे मला वाटते. पहिल्या भांडणानंतर ती ईशानचे अगदी निरुपद्रवी संदेशही पुसून टाकू लागेल, कारण तिला भांडण नको आहे. त्यानंतर निखिलला फोनवर काहीच सापडणार नाही, आणि ते न सापडणे हाच त्याच्या लेखी पुरावा ठरेल. येथे त्याच्या संशयाने पहिल्यांदाच एक खरे गुपित जन्माला घातलेले असेल. शिवाय अनुजा केवळ सोसणारी राहणार नाही. ती लपवणारी होईल, आणि आपण का लपवतो आहोत याचे उत्तर तिला स्वतःला द्यावे लागेल. 'ती का राहते' या प्रश्नाकडे जाण्याचा रस्ता मला तेथून दिसतो.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. फोन चाळणे, वेळांचा हिशेब मागणे ही पाळत आहे, आणि पाळतीला निवेदकाने मूक संमती देता कामा नये. त्यासाठी उपदेशाची गरज नाही; त्या कृत्याचे परिणाम टिकावेत एवढे पुरे. आपल्या आराखड्यात ते परिणाम दुसऱ्या दिवशीच्या समेटाबरोबर पुसले जातात.

कलंदर :

मी लेखक नाही, वाचक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. झोपलेल्या जोडीदाराचा फोन गुपचूप पाहण्याचा प्रसंग इतक्या कथांमध्ये आणि मालिकांमध्ये येऊन गेला आहे की तो सुरू झाला की मी पाने उलटू लागतो. तो काढून टाकावा.

रंगपट :

कलंदर यांच्या मताशी मी निम्माच सहमत आहे. प्रसंग जुना आहे, परंतु त्यातून काय निष्पन्न होते यावर तो शिळा की ताजा हे ठरते. फ्रेंच लेखक प्रूस्तच्या प्रदीर्घ कादंबरीच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वान्स वे' या खंडात स्वान हा गृहस्थ त्याची प्रेयसी ओडेट हिने दुसऱ्या पुरुषाला, फोर्शव्हिलला, लिहिलेले बंद पत्र मेणबत्तीच्या उजेडात लिफाफ्यातून वाचतो. पत्र तसे किरकोळच आहे. मात्र त्यातून त्याला उमगते की त्याच दिवशी दुपारी त्याने दार वाजवले आणि ते उघडले गेले नाही, तेव्हा फोर्शव्हिल आतच होता. म्हणजे पत्रात आक्षेपार्ह असे फारसे नसूनही नुकतीच सरलेली दुपार नव्याने संशयास्पद होते. आपल्या निखिलला संदेशांत 'काहीच' सापडत नाही, हीच त्या प्रसंगाची उणीव आहे. त्याला काहीतरी सापडू द्या, पण त्याने जे शोधायला घेतले होते ते सोडून दुसरेच. अनुजाने ईशानला एखाद्या चित्राविषयी लिहिलेले असावे की अशा चित्रासाठी मी कित्येक वर्षे गोष्ट शोधत होते. प्रेमाचा एक शब्दही त्यात नसेल, आणि निखिलसाठी तरीही त्याहून क्रूर वाक्य असणार नाही.

अल्पविराम :

सर्वांचे मनापासून आभार. संदेश पुसण्याची कल्पना मी निश्चितच वापरणार आहे, आणि रंगपट यांनी सुचवलेल्या वाक्यासारखे वाक्य असेल तर फोनचा प्रसंग ठेवण्यात अर्थ आहे, हेही पटले. समेटाचे दोन प्रसंग काढून त्या जागी अर्धवट थांबलेले भांडण ठेवून पाहीन. लेव्हिनसारखी लाज निखिलच्या वाट्याला लगेच द्यावी की नाही, याविषयी मन अजून स्थिर होत नाही, कारण तो मोकळेपणाने बोलू शकला असता तर ही कादंबरी मध्यावरच संपली असती.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. ईशानचे काय करावे? सध्याच्या खर्ड्यात तो जवळजवळ अदृश्य आहे. त्याच्या मनात अनुजाविषयी खरोखर काही असावे का?

सावरी :

माझे मत आहे की नसावे, किंवा असले तरी कादंबरीने त्याचा निकाल देऊ नये. ईशान प्रेमात पडलेला दाखवला की निखिलचा अंदाज बरोबर ठरतो, आणि मग रंगपट यांनी मांडलेली सारी आतली गोष्ट, म्हणजे शब्द आणि चित्रे यांच्यातील ती चढाओढ, बाजूला पडून केवळ कोण जिंकते एवढेच उरते. त्याला धूर्त किंवा उथळ रंगवणे हीही एक पळवाट आहे. तसे केले की वाचक आपोआप निखिलच्या बाजूला जातो आणि ती सहानुभूती फुकटची असते. कॅसिओकडे पाहावे : देखणा, चारचौघांत वावरायला सराईत, दारू न पेलणारा, अगदी साधा माणूस आहे तो. त्याच्यात कारस्थान असे काही नाही, आणि म्हणूनच ऑथेल्लोला आपल्यात जे नाही असे वाटते ते सारे त्याच्यावर लादता येते.

परंतु ईशान अदृश्य राहू नये. त्याला निखिलची पुस्तके मनापासून आवडत असावीत, इतकी की त्यांच्यामुळेच तो लिहू लागला. तिरस्कार करणे सोयीचे व्हावे, अशी एकही सवलत निखिलला मिळू देऊ नये. एका प्रसंगात ईशान निखिलच्या पहिल्या पुस्तकातला एखादा परिच्छेद त्याच्यासमोर तोंडपाठ म्हणून दाखवील, आणि निखिलला प्रथमच कळेल की आपले शब्द चित्रांवाचूनही कोणाच्या तरी लक्षात राहिले आहेत. मात्र हे ज्याच्याकडून कळावे असे त्याला वाटत होते, तो माणूस हा नव्हे. त्या वेळी अनुजा तेथे नसावी. ती असली तर निखिल परिच्छेद ऐकण्याऐवजी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहील आणि प्रसंग पुन्हा जुन्याच वळणावर जाईल. घरी आल्यावर तो तिला हे सांगतो की लपवतो, ते आपण ठरवावे. मला विचाराल तर त्याने लपवावे, कारण तोवर ती संदेश पुसू लागलेली असेल, आणि मग दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याकडे बोट दाखवणे तितकेसे सोपे राहणार नाही.